उजव्या रकान्यातलं नाव

१

काउंटरपलीकडे नवराबायको उभे आहेत. नवरा बोलतोय, बायको गप्प आहे. तुम्ही दुकानदार. विश्वास कोणावर ठेवाल? उत्तराची घाई करू नका. थर्मन ओडगार्डला ते सापडायला एकतीस वर्षं दुकान चालवावं लागलं, आणि सापडलं तेव्हा त्याला ते नको होतं.

थर्मनचं दुकान मोंटानात, मेडिसिन फोर्क गावी, धान्याच्या कोठाराला लागून. पुढे खिळे, दोरखंड, घोड्याचे लगाम, मागे बंदुका. शाळा आठवीत सुटलेली. पुढचं शिक्षण माल बनवणाऱ्यांच्या यादीपुस्तकांतून आणि गिऱ्हाइकांच्या हातांतून. माणूस दारातून आत आला की थर्मन तोंड बघायचा नाही, हात बघायचा.

पहिलंच रिव्हॉल्व्हर घ्यायला आलेल्यासाठी त्याची एक रीत होती. काउंटरच्या काचेवर हिरव्या बनातीच्या जाड कापडाचा तुकडा अंथरायचा आणि त्यावर तीन रिव्हॉल्व्हर ओळीनं मांडायची. बावीस, अडतीस, चव्वेचाळीस कॅलिबरची; आकडा मोठा तशी गोळी मोठी. "बावीस टोचतं, अडतीस बोलतं, चव्वेचाळीस ओरडतं," तो सांगायचा. "तुमच्या घरात कशाची गरज आहे ते तुम्हीच ठरवा." मग बर्ट हॅगनची गोष्ट. या बर्टनं विहिरीजवळच्या सापासाठी हट्टानं चव्वेचाळीस नेलं, पहिलाच बार काढला, धक्क्यानं हात मागं आला आणि बंदुकीचा घोडा थेट नाकावर बसला. "बर्टचं नाक अजून डावीकडे बघतं. साप मजेत आहे." गिऱ्हाईक हसलं की त्याचा हात सैल पडतो, आणि सैल हात आपसूक योग्य मुठीकडे जातो. ही थर्मनची विद्या होती, आणि ती खरी होती.

दुसरी खरी गोष्ट म्हणजे वही. या धंद्यात सरकारनं नेमून दिलेली जाड बांधणीची वही ठेवावी लागते. प्रत्येक बंदुकीला एक ओळ. डाव्या रकान्यात ती कधी आली, कॅलिबर काय, नंबर काय. उजव्या रकान्यात ती कोणाला दिली आणि कधी. उजवा रकाना कोरा असेल, तर त्याचा अर्थ एकच: बंदूक अजून दुकानात आहे.

एवढं लक्षात ठेवा. बाकी काही लक्षात ठेवायची गरज नाही.

२

दर जानेवारीत थर्मन माल आणि वही ताडून बघायचा. त्या वर्षी सरकारी तपासनीस पुढच्या आठवड्यात मंगळवारी येणार होता, म्हणून आठ दिवस आधी, सोमवारीच, त्यानं काम काढलं. मदतीला गस वेबर. गसनं जन्मभर शाळेची बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर थर्मनच्या शेगडीजवळची खुर्ची धरली. कॉफी थर्मनची, गप्पा गसच्या, असा करार.

गस ओळी वाचत होता, थर्मन कपाटं बघत होता.

"चव्वेचाळीस, सहा इंची नळी, नंबर शेवटी सात एक नऊ," गस म्हणाला. "पुढे काही नाही."

"पुढे काही नाही म्हणजे?"

"म्हणजे उजवीकडे कोरं आहे. दुकानात असेल बघ."

"नऊ वर्षांपूर्वी विकलेली आहे ती. चष्मा लाव."

"लावलाय. तूच ये."

थर्मन आला. ओळ खरंच कोरी होती. वरच्या ओळीत निळ्या शाईत नाव होतं, खालच्या ओळीत त्याच पेनातलं त्याच शाईतलं नाव होतं. मधे काही नाही. त्यानं बोट फिरवलं. तो पेन दाबून लिहायचा. त्याच्या अक्षरांचा उठाव मागच्या पानावर हाताला लागायचा. इथे कागद नव्या पाटासारखा गुळगुळीत होता.

तिथे असायला हवं ते नाव त्याला वही न बघताही पाठ होतं. नेल्डा क्रूस.

"शाई उडाली असेल," गस म्हणाला.

"एकाच ओळीची?"

"मी बस चालवायचो, शाई नाही."

थर्मननं पेन घेतलं आणि नाव पुन्हा लिहिलं. तारीखही लिहिली. टिपकागद दाबला. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी वही उघडली, तर रकाना कोरा.

त्यानं दुसरं पेन घेतलं, काळं. दुपारच्या जेवणाआधी लिहिलं, जेवून आला, तर कोरा. दुकानात त्या वेळात फक्त गस होता.

"गस, हे चाळे बंद कर."

"कसले?"

"परवाना जाईल माझा. म्हातारपणी मी तुझ्यासारखा लोकांच्या शेगडीजवळ बसू?"

गसनं कप खाली ठेवला. "थर्मन, तुझ्या वहीला मी हात लावत नाही. तिच्यात काय काय लिहिलंय ते माहीत नाही म्हणून नाही. माहीत आहे म्हणून."

थर्मनचं डोकं फिरलं. त्यानं गसला बाहेरचा रस्ता दाखवला, आणि गस खरंच गेला; उणे वीस थंडीत, टोपी विसरून.

दुकान शांत झालं. शेगडीत लाकूड खचल्याचा आवाज आला. मग काचेच्या कपाटातून, तिसऱ्या फळीवरून, दुसरा एक आवाज आला. टक्. जरा थांबून, टक्. बंदुकीच्या दुकानात एकतीस वर्षं काढलेल्याला तो आवाज सांगावा लागत नाही. गोळ्यांचं चक्र कोणीतरी अंगठ्यानं एकेक घर पुढे सरकवत होतं, सावकाश, नवखं माणूस फिरवतं तसं. सहा वेळा. मग पुन्हा पहिल्यापासून.

तो कपाटापाशी गेला. कुलूप होतं. त्या फळीवर दहा रिव्हॉल्व्हर, किमतीच्या दहा चिठ्ठ्या. काहीही हलत नव्हतं.

लाकडी फळ्या थंडीनं आवळतात, असं त्यानं स्वतःला सांगितलं. कारण पटण्यासारखं होतं. फक्त फळ्या सहापर्यंत मोजत नाहीत.

३

नेल्डा क्रूस कपडे दुरुस्त करायच्या दुकानात शिवणकामाला होती. नऊ वर्षांपूर्वी, शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आठवड्यात, ती नवऱ्याबरोबर आली. नवऱ्याचं नाव डुएन. एका माणसाला अर्धमेला केल्याबद्दल तुरुंगात जाऊन आलेला. कायद्यानं त्याला बंदूक मिळत नव्हती. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. थर्मनला तर होतंच.

थर्मननं बनात अंथरली, तीन रिव्हॉल्व्हर मांडली, बर्टचं नाक सांगितलं. नेल्डाचा हात अडतीसकडे गेला. मधल्या बोटात शिवताना घालायचं अंगुस्तान तसंच राहिलं होतं, ते मुठीवर किणकिणलं.

"मला हे बरं वाटतं," ती म्हणाली.

डुएन हसला. "ते राहू दे. ते मोठं काढ."

ते मोठं दोन वर्षं फळीवर पडून होतं. थर्मननं नेल्डाच्या हाताकडे बघितलं. मुठीभोवती तिची बोटं पुरती पोचतसुद्धा नव्हती. ही बंदूक कोणाची होणार ते त्याला त्याच क्षणी कळलं, कारण कॅलिबर ज्यानं निवडलं त्याची बंदूक, यात त्याची कधी चूक झाली नव्हती. आणि तो हसून म्हणाला, "मोठंच घ्या, मॅडम. नवरा शिकवेल."

फॉर्मवर सही तिची. वहीत नाव तिचं. डोळा मारला तो डुएननं, आणि थर्मननं तो परत मारला.

सात आठवड्यांनी शेरीफ आला. त्यानं ओळ बघितली, नंबर ताडला. "तुझी वही स्वच्छ आहे, थर्मन," तो म्हणाला. नेल्डाच्या खुनासाठी डुएनला जन्मठेप झाली. रिव्हॉल्व्हर जप्तीतल्या इतर हत्यारांबरोबर वितळवून टाकलं. वितळवायच्या हत्यारांच्या यादीवर नंबर वाचून सही करायला थर्मनलाच बोलावलं होतं. भट्टीत जाताना त्यानं ते डोळ्यांनी बघितलं.

आणि या नऊ वर्षांत तो कशाचा विचार करत होता सांगू? वही स्वच्छ असल्याचा. कोणी विषय काढला तर रागानं म्हणायचा, "मी काय करणार? सही तिची होती. मुलगी होती का लहान ती? नाही म्हणायचं होतं." मेलेल्या बाईवर चिडणं सोपं असतं. ती उलट बोलत नाही.

४

गुरुवारी सकाळी गस टोपी न्यायला आला आणि खुर्चीत बसला. दोघांनीही सोमवार-मंगळवारचं काही काढलं नाही. अकराच्या सुमाराला दारावरची घंटा वाजली.

पुढे एक उंच माणूस, मागे एक बाई. गाडीचं इंजिन त्यानं बाहेर चालूच ठेवलं होतं. असं करणाऱ्याचं मन आधीच ठरलेलं असतं.

"बायकोला पहिलं रिव्हॉल्व्हर घ्यायचंय," तो म्हणाला. "मी व्हर्न. ही कोरीन. आम्ही घाटापलीकडून आलोय."

"घाटापलीकडे बंदुकांची तीन दुकानं आहेत," शेगडीजवळून गस म्हणाला.

"तुला विचारलं का, आजोबा?"

थर्मननं बनात अंथरली. बर्टची गोष्ट सांगायला तोंड उघडलं, पण ती जिभेवर आलीच नाही. "मॅडम, कशासाठी हवंय?"

कोरीननं व्हर्नकडे बघितलं. "घरी एकटी असते," व्हर्न म्हणाला.

"मी त्यांना विचारलं."

तिनं हातमोजा काढला. मनगटावर पिवळट पडत चाललेला डाग होता, चार बोटांच्या रुंदीचा. तिनं बावीस उचलून ठेवलं, अडतीस उचललं आणि धरून ठेवलं. "हे हातात बसतं," ती म्हणाली.

"खेळणं आहे ते," व्हर्न म्हणाला. "त्यानं काही होत नाही. ते दाखव. तिसऱ्या फळीवरचं, कडेचं."

थर्मन कपाटाकडे वळला. तिसऱ्या फळीवर अकरा रिव्हॉल्व्हर होती.

कडेचं अकरावं सहा इंची नळीचं होतं. त्यानं कुलूप काढलं, कारण काहीतरी करायलाच हवं होतं. दुकानातलं बाकीचं लोखंड थंडीनं बोटांना झोंबत होतं. हे कोमट होतं, उशीखालून आत्ताच काढल्यासारखं. चापाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, अक्षर त्याचं, किंमत नऊ वर्षांपूर्वीची. त्यानं नंबर वाचला. मग खिडकीपाशी नेऊन उजेडात वाचला.

सात एक नऊ.

"किती लावतोस?" व्हर्ननं विचारलं.

थर्मननं ते बनातीवर ठेवलं. तेवढ्यात कोरीन हळूच म्हणाली, "तुम्ही आधी त्यांचं बघा ना. त्या आमच्या आधीपासून थांबल्यात."

"कोण?"

"त्या." तिनं काउंटरच्या टोकाकडे मान केली. तिथे फॉर्मवर सही करायचं पेन सुतळीनं बांधलेलं असायचं. "आम्ही घाईत नाही, मॅडम," कोरीन त्या टोकाला म्हणाली.

"कोणाशी बोलतेस?" व्हर्न म्हणाला. "बघ, अशी आहे ही. म्हणून म्हणतो, घरात काहीतरी हवं."

काउंटरच्या टोकाला कोणी नव्हतं. सुतळी मात्र हेलकावे घेत होती.

थर्मननं मान खाली घातली, सुतळीकडे बघायचं नव्हतं म्हणून. पण खाली काच होती. काचेत छताचा दिवा दिसत होता, व्हर्नचे कातडी हातमोजे दिसत होते, कोरीनचा उघडा हात दिसत होता. आणि टोकाशी आणखी एक हात. लहान, तळवा वर करून ठेवलेला, उरलेले सुटे पैसे परत मिळायची वाट बघतात तसा. मधल्या बोटावर अंगुस्तान.

हात काही मागत नव्हता. त्याला घाई नव्हती, आणि तेच सोसवत नव्हतं.

"छोटं-मोठं काय करत बसायचं," व्हर्न म्हणत होता. "मोठंच देऊन टाक. मी शिकवेन हिला."

आणि थर्मनच्या घशाशी ते वाक्य आलं. आपणहून आलं, धंद्याच्या सवयीनं, हसतमुख, तयार. मोठंच घ्या, मॅडम. जीभ टाळ्याला लागलीसुद्धा. त्याला कळलं की हे आपल्याकडून कोणी वदवून घेत नाहीये. हे आपलंच आहे, एकतीस वर्षांचं मुरलेलं.

५

"हे विकायचं नाही," तो म्हणाला.

"चिठ्ठी आहे की त्याच्यावर."

"असू दे. मॅडमना अडतीस हवं असेल तर त्यांनी एकटीनं यावं. आज, उद्या, केव्हाही. निवडायचंही त्यांनीच."

व्हर्न काउंटरवर ओणवा झाला. "ती माझी बायको आहे. तिला काय हवं ते मला कळतं."

"मग फॉर्म तुझ्या नावावर भर. आत्ता भर. हे घे पेन."

व्हर्नचं हसू उतरलं. त्यानं पेन मागं सारलं, आणि थर्मनला हवं ते कळलं: यालाही कायद्यानं बंदूक मिळत नव्हती. शेगडीजवळ गस उठून उभा राहिला होता. हातात निखारे सारायची सळई होती आणि ती कुठे धरावी हे त्याला समजत नव्हतं.

थर्मनला राग आला होता. व्हर्नचा आलाच, पण तो लहान होता. मोठा राग एका दुकानदाराचा आला, जो नऊ वर्षांपूर्वी याच काचेमागे उभा राहून डोळा मारत होता. त्यानं वही काढली, ते पान उघडलं, आणि दोघांदेखत उजव्या रकान्यात लिहिलं; इतकं दाबून की कागद फाटायला आला. लिहिताना मोठ्यानं वाचलंही.

"घेणारा डुएन क्रूस. कॅलिबर त्यानं निवडलं. सही बायकोची. तिला अडतीस हवं होतं. मला सगळं माहीत होतं. थर्मन ओडगार्ड."

शाई वाळली. वाळून तिथेच राहिली.

"वेडा आहे हा म्हातारा," व्हर्न म्हणाला. "चल." त्यानं कोरीनचं मनगट धरलं, डाग होता तिथेच. दारापाशी तिनं ते सोडवून घेतलं. जोर लावून नाही. बसमधून उतरताना शेजारच्याचा धक्का बाजूला सारतात तसं. तो तणतणत बाहेर गेला आणि गाडीत बसला.

कोरीन दार धरून उभी राहिली. बर्फाळ वारा आत घुसला.

"दार लाव, बाई," गस म्हणाला. "सगळी ऊब चालली."

"एक मिनिट," ती म्हणाली. "त्यांना बाहेर पडू दे."

कोणीतरी शेजारून जाताना माणूस अंग चोरतं, तेवढं तिनं अंग चोरलं. मग दार लावून घेतलं.

खिडकीतून थर्मननं बघितलं. व्हर्ननं गाडीचं दुसरं दार आतून उघडलं होतं. कोरीन त्यात बसली नाही. ती रस्ता ओलांडून समोरच्या खानावळीकडे निघाली, तिथे शेरीफची माणसं रोज या वेळी जेवत. भोंगा वाजला, पुन्हा वाजला, तिनं मागं बघितलं नाही. बर्फ सारून केलेली पायवाट जेमतेम दोघांच्या रुंदीची होती. ती तिच्या एका कडेनं चालत होती, दुसरी कडा मोकळी ठेवून, आणि तिचा उजवा हात कोपरात वाकलेला होता, त्यात कोणाचा तरी हात असावा तसा.

६

तिसऱ्या फळीवर पुन्हा दहा रिव्हॉल्व्हर होती. काउंटरवर अकरावं ठेवलं होतं तिथे बनात दबलेली होती, आणि कोमट.

गस म्हणाला, "झालं का मग मोकळं?"

थर्मनलाही तसंच वाटलं होतं. वही बंद करायला म्हणून त्यानं ती उचलली आणि पानं भरभर उलटली. मग सावकाश उलटली. मग खुर्ची ओढून बसला.

उजवे रकाने कोरे होते. सगळे नाही, तीन पानांमागे एक, कुठे एकाच पानावर दोन. त्यानं मोजले. चौदा. डाव्या रकान्यातलं कॅलिबर वाचलं की त्याला आठवत गेलं. एका वाढदिवसाला 'बायकोसाठी' घेतलेलं. बहिणीच्या नावावर भावानं नेलेलं. आईला सही करायला लावून पोरानं पसंत केलेलं. दर वेळी सही एकाची, निवड दुसऱ्याची, आणि काउंटरमागे तोच हसरा माणूस.

संध्याकाळपर्यंत त्यानं आठवून आठवून नऊ नावं लिहिली, खरी, ज्यांनी निवडलं त्यांची. ती टिकली. ठरल्याप्रमाणे मंगळवारी तपासनीस आला, त्यानं वही वाचली, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली. परवाना गेला. पुढे काय होईल ते कोर्ट ठरवेल. कोरीन शेरीफच्या माणसांना सगळं सांगून बहिणीकडे गेली, आणि व्हर्नला शेरीफनं आत घातलं. थर्मन या कशाबद्दलही कोणाकडे तक्रार करत नाही.

पण पाच रकाने कोरे राहिले. त्या पाच बायकांमागे कोण उभं होतं ते त्याला आठवत नाही. त्यानं तेव्हा बघितलंच नव्हतं. बघायचं नाही हेच तर ठरवलेलं होतं. दुकान बंद आहे, कपाट रिकामं आहे, माल सरकारनं नेला. तरी भर दुपारी, गस गप्प बसला की, तिसऱ्या फळीवर टक् होतं. मग दुसऱ्या फळीवर. एक सहापर्यंत गेलं की दुसरं सुरू होतं. त्या पाचजणींतलं कोण अजून जिवंत आहे आणि कोण काउंटरच्या टोकाशी येऊन थांबणार आहे, हे वहीत लिहिलेलं नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडून एकच सांगणं. दुकान असेल, कचेरी असेल, घर असेल, तुमच्या हाती कुठली ना कुठली वही असणारच. समोर जो गप्प उभा आहे त्याच्याकडे एकदा नीट बघा, आणि मग उजव्या रकान्यात जे खरं आहे तेच लिहा.